"अपेक्षा किती?" असं विचारलं की माझा आकडा घशातच अडकतो. मुलाखतीत पगाराची बोलणी कशी करता?

रानजाई (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज मात्र मदत हवी आहे.

क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे. मध्ये दोन वर्षं वडिलांच्या आजारपणामुळे घरी होते. परत नोकरी शोधली तेव्हा जे मिळालं ते घेतलं, तेव्हा कुणी घेतंय हेच खूप वाटलं होतं. त्यामुळे माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांपेक्षा माझा पगार बराच मागे राहिलाय. माझा आजचा पगार १०० धरला, तर तेच काम करणारे माझे दोन जुने सहकारी १५०च्या आसपास घेतात. हे त्यांनीच मला सांगितलंय.

आता दुसऱ्या एका कंपनीत तीन फेऱ्या झाल्या. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या बाई निघताना म्हणाल्या, "तुम्ही आलात तर ऑडिटचं ओझं खूप हलकं होईल." मग एचआरचा फोन आला. सध्याचा पगार किती? मी खरा सांगितला. अपेक्षा किती? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या पॉलिसीत बसेल ते द्या." त्यावर ते म्हणाले, "आम्ही सध्याच्या पगारावर २० टक्के वाढ देतो, गुरुवारी ऑफर पाठवू."

म्हणजे १२०. काम तेच, जबाबदारी जास्त. आणि वडिलांजवळ घालवलेल्या त्या दोन वर्षांची वजावट इथून पुढेही माझ्या पगारातून होतच राहणार. पैसे मागणं म्हणजे कुणाकडे उपकार मागतोय असं मला वाटतं, हे खरं आहे. पण आता गप्प बसायचं नाही असं ठरवलंय. एकदा "द्याल ते द्या" म्हणून बसल्यावर आता आकडा सांगता येतो का? आणि कसा?

टाचणी (सोमवार, रात्री ९.५२)

येतो. ऑफर हातात आली नाही तोवर काहीच ठरलेलं नसतं. बिनधास्त बोला.

जुना_खेळाडू (सोमवार, रात्री १०.०५)

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ताई. मागा.

सावरी (सोमवार, रात्री १०.११)

काका, ही म्हण इथे मला पटत नाही. रानजाईंची अडचण नेमकी तीच आहे ना, की मागणं म्हणजे रडणं असं वाटतं. मोबदला ठरवणं हे दोन बाजूंचं काम आहे. कंपनी तिचं काम चोख करतेय, आपणही आपलं करायचं. रडायचा प्रश्नच येत नाही.

जुना_खेळाडू (सोमवार, रात्री १०.१४)

मान्य. म्हण मागे घेतो. त्याऐवजी ताकाला जाऊन भांडं लपवू नये, ही चालेल?

सावरी (सोमवार, रात्री १०.१५)

ही अगदी चपखल! :)

आकडेमोड (सोमवार, रात्री १०.४८)

रानजाई, तुमच्या फोनमध्ये काय झालं ते आधी नीट बघू या. तुम्ही १०० सांगितलात आणि त्यानंतरचं सगळं बोलणं १०० भोवती फिरायला लागलं. २० टक्के कशाच्या? त्या १००च्या. त्या पदाचं काम काय, ते करणाऱ्याला किती द्यायला हवं, हा विषयच निघाला नाही.

पहिला आकडा माणसाला कसा बांधून ठेवतो याचा एक जुना प्रयोग आहे. ट्वर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तो मांडला. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. चक्र असं बनवलेलं होतं की ते १० किंवा ६५ यांवरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? ज्यांच्यासमोर १० आला होता त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आला, ज्यांच्यासमोर ६५ आला होता त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरीही एवढा फरक.

तिथे आकडा असंबद्ध होता. इथे तर तुमचा पगार म्हणजे अगदी संबंधित, अधिकृत वाटणारा आकडा. त्यामुळे तो १०० बाजूला सारून दुसरा आकडा समोर ठेवणं हे तुमचं पहिलं काम. "२० ऐवजी ३० टक्के द्या" असं चुकूनही म्हणू नका. टक्क्यात बोललात की पुन्हा त्याच १००ला खुंटा मारलात. थेट १५० हा आकडा बोला.

दुसरं, सुरुवातीचा फरक किती लांब जातो ते पाहा. एकाला १०० आणि दुसऱ्याला ११० मिळाले आणि दोघांना दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर पहिल्या वर्षी १०चा असलेला फरक दहाव्या वर्षी जवळपास २० होतो. दहा वर्षांचा सगळा फरक एकत्र केला तर १४५ होतात. म्हणजे जवळपास दीड वर्षाचा सुरुवातीचा पगार. हे सगळं एका फोनवर ठरतं.

धुकं (सोमवार, रात्री ११.०२)

गणित बरोबर आहे, पण दहा वर्षं एकाच ठिकाणी कोण राहतं आता? नोकरी बदलली की हिशोब नव्याने सुरू होतो.

आकडेमोड (सोमवार, रात्री ११.०९)

नव्याने सुरू झाला असता तर बरंच होतं की! नव्या ठिकाणी पुन्हा "सध्याचा पगार किती?" हाच प्रश्न येतो आणि जुना फरक बोट धरून पुढे येतो. रानजाईंचं तेच झालंय.

लोलक (मंगळवार, सकाळी ७.३०)

आकडेमोड यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. त्यावर अमेरिकेत एक मोठा खटला झालाय आणि तो रानजाईंच्या गोष्टीशी इतका जुळतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एलीन रिझो या गणिताच्या सल्लागार २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण विभागात रुजू झाल्या. तिथला नियम असा, की आधीच्या पगारात ५ टक्के मिळवायचे आणि तक्त्यात जी पायरी येईल तिथे बसवायचं. २०१२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जेवताना त्यांना कळलं, की त्याच कामासाठी नव्याने आलेल्या एका पुरुष सहकाऱ्याला त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर घेतलंय. त्या कोर्टात गेल्या. नवव्या सर्किटच्या (म्हणजे कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या) अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं निकाल जाहीर होण्याच्या थोडे दिवस आधी निधन झालं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द करून प्रकरण परत पाठवलं. २०२० मध्ये पुन्हा सुनावणी होऊन त्याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं: समान कामासाठी स्त्रीला कमी पगार देताना "हिचा आधीचा पगार कमी होता" हे समर्थन चालणार नाही.

एका जेवणाच्या सुट्टीत झालेल्या गप्पांतून हे सगळं उभं राहिलं. रानजाई, तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला त्यांचा पगार सांगितला, ही त्यांनी तुम्हाला केलेली फार मोठी मदत आहे.

टाचणी (मंगळवार, सकाळी ७.४१)

मग हा प्रश्न विचारायला बंदीच का घालत नाहीत?

लोलक (मंगळवार, सकाळी ८.०५)

घातलीय, काही ठिकाणी. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये तसा कायदा केला, तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. न्यूयॉर्क शहरात ३१ ऑक्टोबर २०१७ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीतच पगाराचा पट्टा, म्हणजे कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती, देणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये काढलेल्या पगार पारदर्शकतेच्या निर्देशात दोन्ही गोष्टी आहेत: पट्टा आधी सांगायचा आणि जुना पगार विचारायचा नाही. तो आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना ७ जून २०२६ ही मुदत दिली होती.

जिथे असा कायदा नाही तिथेही ही माहिती कामाची आहे. "या पदाचा पट्टा काय आहे?" हा प्रश्न आगाऊ नाही, हे आपल्यालाच आधी पटावं लागतं.

निवडसमिती (मंगळवार, दुपारी १.२०)

मी चौदा वर्षं भरतीचं काम करतेय, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसते. पलीकडून काय दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट. जो माणूस तुमच्याशी फोनवर बोलतोय तो बहुतेक वेळा पगार ठरवत नाही. त्याच्याकडे त्या पदाचा पट्टा असतो. पट्ट्याच्या मध्यापर्यंत तो स्वतःच्या अधिकारात जाऊ शकतो, त्याच्या वर जायचं तर त्याला मंजुरीची टिपणी लिहावी लागते. ती टिपणी विभागप्रमुख वाचतो, कधी फायनान्सवाले वाचतात. आता विचार करा, त्या टिपणीत तो काय लिहिणार? "उमेदवाराला जास्त हवेत" एवढ्यावर कुणी सही करत नाही. "घरखर्च वाढलाय", "कर्जाचे हप्ते आहेत" यावरही करत नाही, मला कितीही वाईट वाटलं तरी. पण "उमेदवाराने स्वतः तीन बाहेरची ऑडिट्स सांभाळली आहेत, प्रशिक्षणाचा वेळ वाचेल, या आकड्याला लगेच रुजू व्हायला तयार आहे" असं लिहिता आलं तर सही होते. मी अशा शेकडो टिपण्या लिहिल्यात.

म्हणून एचआरला शत्रू समजू नका. त्याला वर पाठवायला दोन-तीन धड वाक्यं द्या. ती वाक्यं तुमच्याइतकी चांगली दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. "आम्हाला तुम्हीच हव्या आहात" असं ठरल्यापासून तुमची सही होईपर्यंतचे थोडे दिवस, तेवढ्याच काळात तुमच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वजन असतं. त्याआधी तुम्ही वीस जणांपैकी एक असता. सहीनंतर मी काही करू म्हटलं तरी करता येत नाही. रानजाई, तुम्ही आत्ता बरोब्बर त्या मधल्या दिवसांत आहात. गुरुवारची वाट पाहू नका, त्याआधीच मेल करा. कागद तयार झाला की तो बदलायला पुन्हा सगळ्या सह्या लागतात आणि मग लोक कंटाळा करतात.

पारवा (मंगळवार, दुपारी १.५८)

निवडसमिती ताई, मी नुकतीच पदवी घेतलीय. फ्रेशरला काही बोलता येतं का? की दिलं ते घ्यायचं?

निवडसमिती (मंगळवार, दुपारी २.१०)

एकाच वेळी पन्नास जण एकाच पदावर घेतले जात असतील तर पगार सगळ्यांना सारखाच असतो, तिथे मला हलताच येत नाही. एकट्यादुकट्याची भरती असेल तर थोडं बोलता येतं. काही नाही तरी पहिल्या वाढीचा आढावा कधी होतो आणि तुमची रुजू व्हायची तारीख त्यात बसते का, एवढं तरी नक्की विचारा. एका महिन्याच्या फरकाने वर्षाची वाढ हुकलेली मुलं मी पाहिलीत.

धुकं (मंगळवार, दुपारी ३.३५)

सगळे "मागा, मागा" म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझी ऑफर मागितल्यामुळे गेली. छोटी कंपनी, बारा-पंधरा माणसं. मालकांनी स्वतः आकडा सांगितला, मी अदबीने एकदाच विचारलं की १० टक्के वर जाता येईल का. दुसऱ्या दिवशी मेल आला की त्यांनी दुसऱ्याला घेतलं. तीन महिने घरी बसलो. घर माझ्यावर चालत होतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे मी त्या तीन महिन्यांत शिकलो. रानजाईंनी हाही धोका धरूनच चालावं.

जुना_खेळाडू (मंगळवार, दुपारी ३.५०)

जी माणसं एका साध्या प्रश्नावर ऑफर फिरवतात, तिथे काम करणं कसं असतं याचाही विचार करा, धुकं. कदाचित सुटलात.

धुकं (मंगळवार, दुपारी ४.०२)

काका, हे वाक्य मला तेव्हाही अनेकांनी ऐकवलं. ज्याच्या घरी दुसरा पगार येतोय त्याला ते म्हणणं सोपं आहे. महिन्याच्या एक तारखेला "सुटलात" याने भाडं भरता येत नाही.

जुना_खेळाडू (मंगळवार, दुपारी ४.२०)

बरोबर बोललात. माझ्या अंगावर तेव्हा जबाबदाऱ्या नव्हत्या, ते विसरून लिहिलं. क्षमस्व.

निवडसमिती (मंगळवार, दुपारी ४.३८)

धुकं, तुमच्याबाबतीत झालं ते वाईट झालं. असं होतं, नाही म्हणणार नाही. माझ्या हातून ऑफर परत घेतली गेली ती मात्र वेगळ्या कारणांनी. एकाने तोंडी होकार दिला, मग आकडा वाढवला, आम्ही मान्य केला, त्याने पुन्हा वाढवला. दुसऱ्या एकीने सध्याचा पगार फुगवून सांगितला होता आणि पगारपत्रकात वेगळाच निघाला. कामात ती हुशार होती, तरी घेता आलं नाही. खोटा आकडा कधीच सांगू नका. "तो आकडा मला सांगायचा नाही" असं म्हणणं आणि खोटं सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सावरी (मंगळवार, संध्याकाळी ६.१५)

धुकं यांच्या अनुभवातून माझ्या मते "मागू नका" हे निघत नाही. मागण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: हे नाही मिळालं तर माझ्याकडे काय आहे? रानजाईंकडे सध्याची नोकरी आहे. धुकं यांच्याकडे तेव्हा काहीच नव्हतं. दोघांनी एकाच जोराने बोलावं असं नाही. हातात नोकरी असताना शोधायला सुरुवात करावी असं जे म्हणतात ते याचसाठी.

दुसरं थोडं नाजूक आहे. बायकांनी मागितलं की समोरच्याच्या मनात एक "बाई जरा जास्तच बोलते" असं येतं, हा अनुभव मी घेतलाय. बोल्स, बॅबकॉक आणि लाय या संशोधकांनी २००७ साली प्रयोगांतून हेच दाखवलं. जास्त पगार मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करायची मूल्यमापन करणाऱ्यांची इच्छा, तेच करणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त घटली. तेव्हा "बायका मागतच नाहीत" म्हणून आपल्यालाच दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आपण गप्प बसतो त्याला कारण असतं.

कानामात्रा (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

सावरी, यालाच जोडून. लाइबब्रांट आणि लिस्ट यांनी नोकरी शोधणाऱ्या सुमारे अडीच हजार जणांवर प्रयोग केला होता. जाहिरातीत पगाराबद्दल बोलता येईल असं काही लिहिलेलं नसताना पुरुष जास्त बोलणी करत. "पगार चर्चेने ठरेल" असं स्पष्ट लिहिलं की स्त्री-पुरुषांतला हा फरक नाहीसा व्हायचा. म्हणजे दार उघडं आहे एवढं कुणी सांगितलं तरी पुरतं. रानजाई, निवडसमितींनी तुम्हाला ते वर सांगितलंच आहे.

थोडं विषयांतर. आपल्याकडे शब्दच पाहा. "घासाघीस" म्हटलं की बाजार डोळ्यांसमोर येतो आणि घासाघीस करणारा चिक्कू वाटतो. "वाटाघाटी" म्हटलं की दोन देशांचे प्रतिनिधी लांब टेबलाला बसलेले दिसतात. या दोन्हींच्या मध्ये "बोलणी" हा साधा, घरगुती शब्द आहे. बोलणी करायची म्हणजे बोलायचंच. धाग्याच्या नावात तोच शब्द आहे, ते मला आवडलं.

टाचणी (मंगळवार, संध्याकाळी ६.४४)

"मोबदला" पण छान आहे. पगार म्हटलं की कुणीतरी देतं, मोबदला म्हटलं की आपण काहीतरी दिलेलं असतं.

कानामात्रा (मंगळवार, संध्याकाळी ६.४७)

वा! हे सुचलं नव्हतं.

आकडेमोड (मंगळवार, रात्री ८.३०)

शब्दांवरून पुन्हा आकड्यांकडे. ऑफरचा कागद आला की एकूण आकडा बघून थांबू नका, आतली फोड बघा. माझ्या धाकट्या भावाला १०० सांगितले होते, त्यातले २० व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा, हमी नसलेला भाग. वर्षअखेरीस व्हेरिएबल ६० टक्केच निघालं, म्हणजे हातात आले ९२. "गेल्या वर्षी या विभागात व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं?" हे विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

जॉइनिंग बोनसचंही तसंच. बेसिक वाढवायचा नाही म्हणून अनेकदा एकरकमी बोनस पुढे करतात. पगारात १० वाढ विरुद्ध एकदाच २०, यात २० मोठे वाटतात. पण ८ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पगारातली वाढ २०.८ झालेली असते आणि पुढे ती चालूच राहते. शिवाय वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत करा अशी अट बऱ्याचदा असते. शेअर देत असतील तर ते किती वर्षांत हातात येतात तेही विचारा. चार वर्षांत थोडे थोडे आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य, ही रीत सर्रास दिसते.

रानजाई (मंगळवार, रात्री ९.१५)

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की दुपारपासून तिसऱ्यांदा वाचतेय. लोलक, रिझो यांची गोष्ट वाचून रडूच आलं. पाच टक्के आणि वीस टक्के एवढाच काय तो फरक.

मेलचा मसुदा केलाय, बघता का?

"मुलाखतीनंतर कामाचं स्वरूप स्पष्ट झालं आणि मला ते मनापासून करायचं आहे. फोनवर अपेक्षित पगाराबद्दल मी नीट उत्तर दिलं नव्हतं, म्हणून लिहीत आहे. मध्ये दोन वर्षं घरच्या जबाबदारीमुळे खंड पडल्याने माझा सध्याचा पगार खूप कमी आहे, त्यामुळे कृपया त्याचा विचार करून १४० ते १५० पर्यंत देता आलं तर फार बरं होईल."

निवडसमिती (मंगळवार, रात्री ९.३२)

पहिली दोन वाक्यं उत्तम. तिसरं बदला. त्यात तीन गोष्टी अडतात. खंड पडला हे सांगून तुम्ही स्वतःच कमी पगाराचं समर्थन करताय. "१४० ते १५०" म्हटलं की मला १४०च ऐकू येतं, शंभरातल्या शंभर वेळा. आणि "फार बरं होईल" यात मला वर पाठवायला काहीच नाही. तुम्ही काय केलंय ते कुठे आहे?

सावरी (मंगळवार, रात्री ९.४५)

रानजाई, त्या बाई ऑडिटबद्दल जे म्हणाल्या ते घ्या की त्यात! गरज त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलीय.

रानजाई (मंगळवार, रात्री १०.२०)

असं केलं:

"गेल्या चार वर्षांत माझ्या लॅबची तीन बाह्य ऑडिट्स मी सांभाळली, तिन्हींत एकही गंभीर त्रुटी निघाली नाही. मुलाखतीत ऑडिटची तयारी ही विभागाची तातडीची गरज असल्याचं समजलं, ते काम मी पहिल्या महिन्यापासून हाती घेऊ शकते. या जबाबदारीसाठी बाजारात चालू असलेला मोबदला पाहता माझी अपेक्षा १५० आहे. हा आकडा जमत असेल तर मी लगेच होकार कळवेन."

निवडसमिती (मंगळवार, रात्री १०.२६)

पाठवा. यातलं मी जसंच्या तसं टिपणीत उचललं असतं.

धुकं (मंगळवार, रात्री १०.४०)

मलाही आवडला. कुणाला राग येईल असं यात काहीच नाही. फक्त ऑफर लेखी हातात येईपर्यंत सध्याच्या ठिकाणी राजीनामा देऊ नका.

जुना_खेळाडू (बुधवार, सकाळी ६.५०)

आणि त्यांचा फोन आला की आकडा सांगून थांबायचं. मी इतक्या वर्षांत हे एकच नीट शिकलो. आपण आकडा सांगतो, पलीकडे शांतता होते, ती सहन होत नाही आणि आपणच म्हणतो, "म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल." ती शांतता बऱ्याचदा नकाराची नसते. समोरचा टिपून घेत असतो.

रानजाई (शुक्रवार, रात्री ८.०५)

मंडळी, कळवायला आले.

बुधवारी सकाळी मेल पाठवला, दुपारीच फोन. ते म्हणाले, "१५० या पदाच्या पट्ट्यात बसत नाही." मी विचारलं, पट्टा कुठवर आहे? ते म्हणाले, १४२. हा प्रश्न मी सोमवारी विचारला असता तर, असं वाटून गेलं, पण ते असो. मग त्यांनी १३० आणि जॉइनिंग बोनस १५ असं पुढे केलं. आकडेमोड, तुमचं गणित मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. म्हटलं, बोनस नको, तो पगारात द्या. मला १४० हवेत. आणि थांबले. जुना_खेळाडू काका, ते थांबणं फार कठीण गेलं, पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता आणि मी खिडकीचा गज घट्ट धरून उभी होते.

गुरुवारी ऑफर आली. १३८. बोनस नाही. सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, हे पत्रातच लिहिलंय. व्हेरिएबल १० आहे, गेल्या वर्षी पूर्ण दिलं होतं असं त्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. मी आज सही केली.

१५० नाही मिळाले. जुन्या सहकाऱ्यांच्या अजून मागेच आहे. पण १२० वर सही करायला निघाले होते मी.

आकडेमोड (शुक्रवार, रात्री ८.१२)

अभिनंदन! खूप आनंद झाला. आढाव्याची तारीख लिहिलीय की नुसतं "सहा महिन्यांनी"?

रानजाई (शुक्रवार, रात्री ८.१५)

तारीख आहे. ती मागून घेतली.

धुकं (शुक्रवार, रात्री ८.४०)

मनापासून अभिनंदन, रानजाई. मलाही पुढच्या महिन्यात एके ठिकाणी बोलावलंय. या वेळी हातात नोकरी आहे, त्यामुळे बोलेन म्हणतो. निवडसमिती, माझा मसुदा तुम्हाला दाखवला तर चालेल ना?

निवडसमिती (शुक्रवार, रात्री ८.५५)

इथेच टाका, सगळे मिळून बघू. आकडा एकच लिहा, "ते" नको.

पारवा (शुक्रवार, रात्री ९.१०)

ताई, माझी सोमवारी आहे मुलाखत, एकाच जागेसाठी. सध्याचा पगार नाहीच, त्यामुळे तो प्रश्न तरी येणार नाही. पण अपेक्षा विचारली की काय म्हणू?

रानजाई (शुक्रवार, रात्री ९.२२)

आधी विचारा, "या पदाचा पट्टा काय आहे?" हे वाक्य आरशासमोर दहा वेळा मोठ्याने म्हणा. मी म्हटलं होतं, पहिल्या तीन वेळा आवाजच फुटला नाही.